हैबतरावांचे अंगठे

पैज लागली ती भिवाजीच्या हॉटेलात, एका भज्यावरनं.

हॉटेल कसलं, मुळशीच्या एसटी थांब्यासमोर चार पत्रे ठोकलेले आणि खाली दोन बाकडी. भिवाजी आणि हैबतराव सख्खे शेजारी. दोघांच्या घरांमधली भिंत एकच, आणि ती भिंत सोडली तर दोघांचं कशावरच एकमत नाही. त्या दिवशी हैबतरावांनी भजं तोंडात टाकलं, दोनदा चावलं आणि म्हणाले, "कालचं हाय."

"भजं आजचं हाय. जीब कालची हाय तुमची," भिवाजी म्हणाला. "नवं काय बी दिलं तरी तुमाला शिळंच लागतंय. शाळंतला त्यो काम्पुटर बगा. नवाकोरा आला, तुमी कुलपात घालून शिळा केला."

झालं. बाकड्यांवरच्या माणसांनी कप खाली ठेवले आणि ती मांडी ठोकून बसली. हैबतराव शाळा समितीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्या समितीला कुणी बोट लावलेलं त्यांना खपत नसे.

"कुलपात हाय म्हून शाबूत हाय," ते म्हणाले. "पोरांच्या हाती दिला तर आठ दिसांत त्याचं भंगार हुईल. आन् दिला तरी काय करनार? मास्तर सांगल ती कळ दाबतील. आपल्या पोरांच्या डोक्यात सोताचं असं हाय काय?"

"हाय की."

"दाव मग. त्या खोक्यातनं आपल्या पोरांनी सोताच्या डोक्यातलं काय बी काडून दावलं, कुणी न सांगता, तर ह्यो हैबतराव झेंड्याच्या खांबाखाली साऱ्या शाळंम्होरं आंगठं धरून हुबा ऱ्हाईल."

भिवाजीनं त्यांच्या पोटाकडं नीट बघून घेतलं. "घावतील का?"

माणसं हसली. हैबतराव नाही हसले. "आन् न्हाई दावलं तर तू काय करशील?"

"पोळ्याला तुमच्या बैलांच्या रांगेत चालीन. डोक्याला शिंगं, पाठीवर झूल, गळ्यात घंटी. वेशीपासनं मारुतीपतुर."

"हंबरायचं बी."

"हंबरीन."

टाळी वाजली. सगळं हॉटेल हसलं. फक्त कोपऱ्यातला आनंदा मास्तर हसला नाही. त्याच्या चहावर साय धरली होती.

सन शहाऐंशीचा श्रावण तो. सरकारच्या कुठल्याशा योजनेतून तालुक्याच्या वाट्याला एक कॉम्प्युटर आला होता, आणि त्याच्यासोबत पुण्याला शिकून आलेला आनंदा. आनंदा उरवड्याचा. त्याची नेमणूक त्या मशीनपुरती. आता जिल्ह्यावरनं निरोप आला होता की पोळ्याच्या आठवड्यात साहेब येणार. मुलं मशीन चालवत असली तर मशीन राहील, नाहीतर पुण्यातल्या एखाद्या शाळेला जाईल. मशीन गेलं की आनंदाची नोकरी गेली. मग उरवड्याच्या कारखान्याच्या दारात हजेरीला उभं राहायचं.

पण नोकरीचं एक वेळ सोडा. त्याला खात होती ती ती खोली.

शाळेच्या टोकाच्या खोलीत टेबलावर ते मशीन होतं. मागं एक काळापांढरा टीव्ही, बाजूला कॅसेटचा टेपरेकॉर्डर, कारण केलेलं काम कॅसेटवरच साठायचं. तिन्हींवर हैबतरावांच्या घरनं आलेलं क्रोशाचं झाकण, झाकणावर हळदीकुंकू. दर गुरुवारी हैबतराव यायचे, उदबत्ती लावायचे, आरती म्हणायचे आणि कुलूप घालून चावी करदोड्याला अडकवायचे. मुलांनी खिडकीतनं बघायचं, तेही हात मागं बांधून. आनंदा फळ्यावर कळांचं चित्र काढायचा आणि मुलं त्या चित्रावर बोटं मारायची. विचारलं की घडाघडा म्हणायची, "संगणक हे एक वेगवान यंत्र आहे." मशीन कसं सुरू होतं ते एकानंही पाहिलं नव्हतं.

दारावर पाटी होती : हात लावू नये.

आनंदाच्या बापानं हे शब्द जन्मभर पाणवठ्यावर ऐकले होते. पोराला शाळेत घातलं ते एवढ्यासाठीच, की त्याला ते पुन्हा ऐकायला लागू नयेत. आता पोरगा मास्तर झाला होता आणि त्याच शब्दांची पाटी रोज बघत होता. समितीनं सांगितलं म्हणून ती त्यानंच रंगवली होती. अक्षर त्याचंच होतं.

"मास्तर, चहाचं सरबत झालं," भिवाजी म्हणाला.

"आबा," आनंदा त्याला म्हणाला, "तुम्ही पैज हरलात. शिंगं रंगवायला घ्या."

"शिंगं माजी हायेत, मी बगीन. तुमी एक सांगा, ते मशीन बंद ठिवलं तर ह्या पावसात त्याला वल धरंल का न्हाई?"

"धरेल की. चालू राहिलं तर आतनं गरम होतं, ओल मरते. बंद ठेवणं वाईटच."

"बास," भिवाजी म्हणाला आणि कळकट फडकं खांद्यावर टाकून उठला.

दुसऱ्या दिवशी तो हैबतरावांच्या ओसरीवर गेला तो हातात एक चप्पल घेऊन. चपलेवर पांढरीहिरवी बुरशी अशी वाढली होती की जणू दाढीच आली होती.

"ही माजी. कोनाड्यात पडल्याली," तो म्हणाला. "चपलंची ही गत, तर तुमच्या बंद खोलीतल्या मशीनची काय असंल? साहेब येनार, ते जाळीचं झाकाण उचलनार, आन् आत अळंबी. तालुक्यात नाव हुईल. म्हनतील मुळशीकरांनी काम्पुटरची भाजी केली."

हैबतरावांचा हात आपसूक करदोड्याकडं गेला. "मग करावं काय?"

"रोज चालू ठिवायचं. मास्तरला इचारा, त्येनी शिकलंय. आन् पोरं बसवायची भवतीनं. अंगाची ऊब बी लागती."

हैबतरावांनी मास्तराला विचारलं, मास्तरानं खरं तेच सांगितलं, आणि चावी मिळाली. रोज दुपारच्या दोन तासांपुरती, मशीन वाळवायला!

आनंदाला वाटलं, जिंकलो. आठवीची मुलं आत आली, टीव्हीवर पांढरा ठिपका लुकलुकला, आणि तो म्हणाला, "आता काहीही काढा. तुमच्या मनातलं."

कुणी हललं नाही.

"सर, कोनतं मनातलं?" नथूनं विचारलं.

"फळ्यावर लिवा ना सर," रंभा म्हणाली. वर्गात तीच सगळ्यांत हुशार. "मग आमी बगून करतो."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एका मुलानं धीर करून मशीनवर आपलं नाव लिहिलं, आणि मग सगळ्या वर्गानं आपापली नावं लिहिली, हजेरीच्या क्रमानं. नथू तर हात काखेत घालून बसायचा. आनंदानं कारण विचारलं तेव्हा त्यानं खाली बघितलं आणि रंभानं सांगितलं, "फळ्यावरची चुकीची कळ दाबली म्हून तुमी त्येला पट्टी मारली हुती की सर."

आनंदाला आठवलं. चित्रातल्या खोट्या कळेसाठी त्यानं खरी पट्टी मारली होती.

दिवस चालले होते. धरणाचं पाणी चढत होतं, हैबतराव बैलांसाठी गोंडे विणून घेत होते आणि येताजाता भिवाजीच्या डोक्याचं माप घेत होते. खोलीचं कुलूप निघालं होतं, पण मुलांच्या आतलं कुलूप कुठल्या चावीनं काढायचं ते आनंदाला समजेना. तो हॉटेलात येऊन बसला आणि म्हणाला, "आबा, हैबतराव बरोबर बोलले. काही नाही त्यांच्या डोक्यात. मीच काही ठेवलं नाही. उद्या जिल्ह्यावर जाऊन सांगतो, मशीन घेऊन जा."

भिवाजी स्टोव्हला पंप मारत होता. तो थांबला. "मास्तर, तुमी पोरांना काय इचारता?"

"धड्यातलं. दुसरं काय विचारणार?"

"म्हंजी तुमाला जे ठावं हाय ते. मग पोरगं इचार करंल कशाला? ते तुमच्या तोंडाकडं बगंल आन् तुमाला पायजे ते बोलंल. आता माजं बगा. मी गिऱ्हाइकाला इचारलं, चा कसा झाला, तर समदी म्हनत्यात बरा झाला. त्याच्यात काय दम न्हाई. पर एखाद्या म्हाताऱ्याला इचारलं, बाबा, ह्या पान्याखाली तुमचं गाव नेमकं कुटं हुतं, तर त्येची एसटी निघून जाती तरी त्यो उठत न्हाई. का? मला ठावं न्हाई हे त्येला ठावं असतंय." त्यानं पुन्हा पंप मारला. "तुमाला ठावं न्हाई असं कायतरी इचारा पोरांना. आन् इचारून गप बसा. बोललात तर दुप्पट पैसं घीन चाचं."

दुसऱ्या दिवशी आनंदा वर्गात गेला तो पट्टी न घेता.

"मी उरवड्याचा," तो म्हणाला. "मला तुमच्या धरणाच्या पाण्याखाली काय आहे ते माहीत नाही. मला दाखवाल?"

वर्गात थोडी कुजबूज झाली. मग नथू म्हणाला, "भैरोबाचं देऊळ हाय सर. उन्हाळ्यात कळस दिसतो."

"कळस न्हाई, दीपमाळ दिसती," मागनं कुणीतरी म्हणालं.

"तू गप. तुजं घर वरच्या आळीचं."

आणि भांडण लागलं. आनंदानं तोंडावर हात धरला आणि तसाच धरून ठेवला. त्याला ते लई जड गेलं.

त्या संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पोरांनी भंडावून सोडलं. धरणाचं पाणी आलं आणि जुनं गाव बुडालं तेव्हा लहान असलेली ही माणसं. साठ वर्षांत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. हैबतरावांची थोरली बहीण धोंडाबाई तर सांगता सांगता जेवायचंच विसरली. एकीचा पार देवळासमोर तर दुसरीचा देवळामागं. पोरं सगळं गोळा करून आली, पण मशीनमध्ये घालायचं कसं?

रंभा टीव्हीला नाक लावून बघत होती. "सर, ह्ये बी ठिपक्यांचंच हाय की. रांगोळीसारकं."

मग व्हरांड्यात रांगोळी पडली. आडवे ठिपके, उभे ठिपके, आणि त्यांतनं देऊळ, पार, चिंच, घरांच्या ओळी. एक पोरगी ठिपके मोजायची, एक पोरगा आकडे ओरडायचा, नथू कळा दाबायचा. त्याची बोटं सुरुवातीला कळेवर पडण्याआधी थांबायची, मग थांबायची बंद झाली. टीव्हीच्या काळ्या काचेवर पांढरं गाव उठलं. त्यावर पाण्याच्या आडव्या रेघा एकेक करून चढायच्या आणि गाव बुडायचं. साहेब यायच्या आदल्या दिवशी, बुधवारी, सगळं पूर्ण झालं. आनंदानं ते कॅसेटवर साठवलं, कॅसेट टेपरेकॉर्डरमध्येच ठेवली, चावी हैबतरावांना दिली. पहिल्यांदाच तो घरी गाणं गुणगुणत गेला.

गुरुवारी दुपारी साहेब आले. पुण्याचे, घड्याळाकडं बघणारे. खोलीत मुलं, दारात हैबतराव पटका बांधून, त्यांच्यामागं भिवाजी आणि निम्मं गाव. आनंदानं टेप लावला. एरवी त्यातनं किर्र किर्र आवाज यायचा आणि हळूहळू चित्र उतरायचं. आज टेपमधनं घंटी वाजली. मग खोकला. मग हैबतरावांच्या घोगऱ्या आवाजात आरती.

आनंदानं कॅसेट पुढं ढकलली. आरतीच. आणखी पुढं. आरतीच.

"आज गुरुवार म्हून सकाळी आलो हुतो," हैबतराव हळू म्हणाले. "साहेब येनार. म्हनलं मशीनला सारखी आरती ऐकू यावी. तांबडी कळ दाबली की भरतंय, येवडं मला ठावं हुतं."

आनंदानं टेप बंद केला. इतक्या दिवसांचं गाव पुन्हा बुडालं होतं, आणि या वेळी ते बुडताना कुणी बघितलंही नव्हतं.

"म्हणजे दाखवण्यासारखं काही नाही," साहेब म्हणाले.

"होतं साहेब. मी पुन्हा करतो, मला थोडा वेळ..." आनंदा मशीनकडं धावला.

"मास्तर," साहेबांनी हात आडवा केला, "तुम्ही हात लावायचा नाही. मुलांनी केलं असेल तर मुलं करतील. माझी एसटी चारची आहे."

व्हरांड्यातली रांगोळी सकाळच्या पावसाच्या झडीनं धुऊन गेली होती. आनंदानं रंभाकडं बघितलं, आणि मुद्दाम दुसरीकडं मान वळवली.

"सर, सरका," रंभा म्हणाली.

तिनं नथूला पुढं बसवलं. आकडे कुणाला पाठ नव्हते. गाव पाठ होतं. "देऊळ कुटनं?" "पारापासनं चार घरं." "धोंडाआत्त्या म्हनली हुती तीन." "मग तीन." चुकायचं, पुसायचं, भांडायचं, पुन्हा घालायचं. साहेबांनी घड्याळ बघायचं सोडलं आणि स्टूल ओढून बसले. घरं पहिल्यापेक्षा कमी झाली, चिंच वाकडी झाली. पण गाव उठलं. पाणी चढलं, देऊळ बुडालं, घरं बुडाली, सगळी काच रेघांनी भरली.

आणि त्या रेघांच्या खाली एक ठिपका लुकलुकत राहिला.

तो कालच्या चित्रात नव्हता. आनंदालाही तो नवीन होता.

"ते काय चुकलंय?" साहेबांनी विचारलं.

"चुकलं न्हाई," रंभा म्हणाली. "त्यो दिवा हाय. हैबतआण्णांच्या जुन्या घरातला. धोंडाआत्त्या म्हनली, घर सोडताना तिच्या आईनं भिंतीतल्या देवळीत दिवा लावला. म्हनली, घरात अंधार ठिवून जाऊ नये."

हैबतराव खोलीत आले. पटका काढून हातात घेतला. पाणी आलं तेव्हा ते सहा वर्षांचे होते, आईच्या कडेवर बसायला मोठे आणि लांब चालायला लहान.

"धोंडीनं सांगितलं असंल," ते म्हणाले. "पर तिला तर ठावं हाय, त्यो इझला. आमी टेकाडावर उभं राहून बगितलं. पानी आत शिरलं आन् त्यो इझला."

"व्हय. तसंच म्हनली ती."

"मग हितं जळतोय कसा? मास्तरनं सांगितलं?"

"न्हाई. कुणी न्हाई सांगितलं." रंभा थोडी गोंधळली. "माज्याच मनात आलं. म्हनलं, राहू दे."

हैबतराव त्या ठिपक्याजवळ गेले. त्यांनी हात पुढं केला, काचेपाशी नेला आणि दारावरची पाटी आठवल्यासारखा मागं घेतला.

"लावा की आण्णा हात," नथू म्हणाला. "काय हुत न्हाई त्येला."

त्यांनी एक बोट त्या दिव्यावर ठेवलं. मग ते वळले आणि भिवाजीला म्हणाले, "चल. बैलाची घंटी आन."

साहेबांनी मशीन मुळशीतच ठेवायचं ठरवलं, आणि आता त्यांनाही एसटीची घाई राहिली नव्हती. सगळे पावसात झेंड्याच्या खांबापाशी आले. पाचवीपासून दहावीपर्यंतची पोरं ओळीनं उभी राहिली. हैबतरावांनी आधी करदोड्याची चावी सोडली आणि आनंदाच्या हातात दिली.

"ऐका रं," ते म्हणाले. "पोराच्या हाती वस्तू दिली की ती कदीतरी मोडंल, ह्ये खरं हाय. पर वस्तू कुलपात ठिवली की आतल्या आत पोरगंच मोडतंय, ह्ये मला दिसलं न्हवतं. वस्तू दुसरी आनता येती. ती पाटी काडा मास्तर."

"ती मीच रंगवली होती, आण्णा," आनंदा म्हणाला. "मीच काढतो. आणि माझी पट्टीही तिच्याबरोबर चुलीत घालतो."

मंडळी, तुमच्याही गावच्या शाळेत एखादं कपाट असेल. आत पेटी असेल, पृथ्वीचा गोल असेल, कुणी दिलेलं एखादं मशीन असेल. त्याची चावी कुणाच्या कमरेला आहे ते एकदा जाऊन बघा. कपाट उघडलं तरी अर्धंच काम होतं, हे विसरू नका. उरलेलं अर्धं असं, की पोरांना ते विचारायचं ज्याचं उत्तर आपल्यालाच ठाऊक नाही, आणि विचारून गप्प बसायचं.

हैबतराव वाकले. पोट आडवं आलं. हात गुडघ्याच्या खाली जाईनात. आणखी वाकले, तोंड लालबुंद झालं, अंगठे तरी लांबच.

"पैज म्हंजी पैज," भिवाजी म्हणाला. "आंगठं ठरलंय, गुडगं न्हाई."

रंभा ओळीतनं पुढं आली आणि त्यांच्या कानापाशी वाकली. "आण्णा, गुडगं जरा वाकवा. मास्तर बगत नसलं की आमी बी तसंच करतो."

आनंदानं लगेच धरणाकडं तोंड फिरवलं. हैबतरावांनी गुडघे वाकवले आणि दोन्ही अंगठे घट्ट धरले. आणि पोळ्याला ज्याच्या गळ्यात बांधायची होती त्याच भिवाजीनं ती बैलाची घंटी वर धरून सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी वाजवली.